चीर कशाने पडली ते आधी पाहा: पियानोचं लाकूड आणि एपॉक्सी

लाकडी वाद्य तडकलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "यात काय भरायचं?" कोणी फेविकॉल सुचवतं, कोणी एम-सील, आणि ज्याने मोबाईलवर परदेशी कारागीर पियानो दुरुस्त करताना पाहिलेत तो एपॉक्सीचं, म्हणजे दोन ट्यूबांतला माल मिसळून लावायच्या गोंदाचं, नाव घेतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. पियानोच्या काही भागांसाठी एपॉक्सीइतकं कामाचं दुसरं काही मिळत नाही. मात्र चीर कशामुळे पडली हे न पाहता ट्यूब उघडली, तर तेच एपॉक्सी पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी चीर पाडतं. आपल्या मराठवाड्याच्या हवेत तर हमखास.

इकडे पियानो मोजकेच. छावणी भागातलं एखादं जुनं चर्च, मिशनची शाळा, एखाद्या हौशी डॉक्टरांचा दिवाणखाना, एवढ्यात यादी संपते. बाजाची पेटी मात्र गावोगाव, मंदिरोमंदिरी. दोन्हींचं लाकूड सोसतं तीच हवा आणि दोन्हींच्या दुरुस्तीत चुका होतात त्याही सारख्याच. म्हणून मुख्य बोलणं पियानोचं असलं तरी पेटीही अधूनमधून येईलच.

दोन जातींच्या चिरा

एक चीर भाराने पडते. खिळा, पिन किंवा स्क्रू लाकडाला एकाच जागी वर्षानुवर्षं रेटत राहतो, किंवा वाद्य पडतं, आपटतं, आणि लाकूड फाटतं. ही चीर बारा महिने तेवढीच राहते.

दुसरी हवेने पडते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. घेतलं की फुगतं, सोडलं की आकसतं. हे सगळं रुंदीत होतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ताजं कापलेलं सागवान पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या बाजूने सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने २.५ टक्के. सागवान यात गुणी म्हणायचं. पियानोच्या तारांचा आवाज मोठा करणारी रुंद लाकडी फळी म्हणजे साउंडबोर्ड; तो ज्या स्प्रूसचा (थंड प्रदेशातलं देवदारासारखं झाड) करतात, ते लाकूड याहून जास्त हलतं.

आता आपली हवा. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. अशा हवेत लाकूड बरेच दिवस राहिलं तर त्यातला ओलावा ४-५ टक्क्यांवर येतो. श्रावणातल्या झडीत आर्द्रता ८० च्या पुढे गेली की तेच लाकूड १५-१६ टक्क्यांकडे निघतं. लाकूड सावकाश पितं, त्यामुळे घरातलं वाद्य सहसा दोन्ही टोकं गाठत नाही. पण ६ टक्क्यांचा फरक तरी धरूनच चाला. मीटरभर रुंदीच्या स्प्रूसच्या फळीला तेवढ्यात सुमारे ९ मिलिमीटर आकसायचं असतं. साउंडबोर्डाच्या मागे चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या आणि भोवतालची चौकट तिला आकसू देत नाहीत. मग ती मधेच कुठेतरी फाटते.

त्यात आपला कूलर. मेच्या संध्याकाळी कूलर लावला की खोलीतली हवा तासाभरात दमट होते, सकाळी बंद केला की दुपारपर्यंत पुन्हा खडखडीत कोरडी. कूलरच्या थेट झोतात ठेवलेल्या वाद्याला असे उलटसुलट झटके रोज बसतात. पियानो किंवा पेटी त्या झोतातून बाजूला करणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, आणि तीच कोणी करत नाही.

तुमच्या वाद्याची चीर यातली कोणती हे ओळखायला यंत्र लागत नाही. मे महिन्यात घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतोच. एका पत्रिकेची पट्टी कापा, चिरेत सरकवून पाहा, किती आत गेली तिथे पेन्सिलने खूण करा आणि पट्टी जपून ठेवा. ऑगस्टच्या शेवटी तीच पट्टी त्याच जागी पुन्हा घालून पाहा. तेवढीच आत गेली तर चीर भाराची. अजिबात शिरत नसेल तर चीर हवेची आहे, आणि तिला एपॉक्सी लावू नये.

घोडी: एपॉक्सीची खरी जागा

तंबोऱ्याला असते तशी घोडी पियानोलाही असते, फक्त लांबलचक. कारागीर तिला ब्रिजच म्हणतात. पियानोत साधारण २३० तारा असतात. एकेका तारेवर ७०-८० किलोचा ताण, सगळ्या मिळून १६ ते २० टन. हा भार लोखंडी चौकट पेलते, पण तारेचं कंपन साउंडबोर्डापर्यंत पोचवायचं काम घोडीचं. म्हणून ती मेपल किंवा बीचसारख्या कठीण लाकडाची करतात.

तार घोडीवरून सरळ जात नाही. घोडीत तिरक्या ठोकलेल्या दोन धातूच्या पिनांमधून ती नागमोडी वळण घेते. हे वळण मुद्दाम दिलेलं असतं, कारण त्याने तार पिनेला घट्ट टेकून राहते आणि तिच्या कंपनाची हद्द स्वच्छ ठरते. पण याचाच अर्थ असा की प्रत्येक तार आपल्या पिनेला रात्रंदिवस कडेने ढकलत असते. पिना एकापाठोपाठ एक, ओळीत. पावती फाडायला कागदावर भोकांची ओळ टोचतात तसंच हे झालं. फाटायचं ठरलं की लाकूड त्या ओळीनेच फाटतं. खर्जाच्या जाड तारांची घोडी यात जास्त सापडते.

चीर डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळते. एका स्वराच्या तीन तारांपैकी दोन नमद्याच्या तुकड्याने बंद करा आणि एकच वाजवा. एकट्या तारेचा आवाज सरळ विरत जायला हवा. तो वाव-वाव करत हेलकावे घेत असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या तारेच्या पिनेला कडेने दाबून धरा आणि पुन्हा वाजवा. हेलकावा थांबला म्हणजे पिन भोकात हलत होती. ट्यूनिंग कितीही केलं तरी हा स्वर लागत नाही, आणि दोष बिचाऱ्या ट्यूनरवर जातो.

इथे सुताराचा फेविकॉल चालत नाही, कारण त्यात पाणी असतं. पाणी उडालं की गोंद आकसतो आणि पोकळी तशीच उरते. दोन फळ्या घट्ट दाबून जोडायच्या असतील तर तो उत्तम, पण चिरलेल्या भोकात पिनेभोवतीची रिकामी जागा त्याने भरत नाही. एपॉक्सीतून काहीच उडून जात नाही. जेवढं ओतलं जवळपास तेवढंच कडक होतं. पिनेच्या भोवती ते दगडासारखं बसतं आणि लाकडाच्या तंतूंनाही धरून ठेवतं.

काम असं चालतं. त्या भागातल्या तारांचा ताण थोडा थोडा, सगळीकडे सारखा उतरवतात, तारा बाजूला घेतात, पिना उपसतात. भोकं आणि चीर झटकून कोरडी करतात. मग आधी नुसतं पातळ एपॉक्सी चिरेत सोडतात. ते झिरपत जातं, पातळी खाली उतरते, पुन्हा सोडतात, असं लाकूड पिणं थांबवेपर्यंत. नंतर त्याच एपॉक्सीत लाकडाची बारीक भुकटी किंवा सिलिकाची पूड मिसळून ते मधाइतकं दाट करतात, भोकात भरतात आणि पिना परत बसवतात. वर आलेलं लगेच पुसायचं. एक दिवस हात लावायचा नाही, दोन-तीन दिवस थांबलं तर आणखी बरं. मग पिनेजवळचे खाचेचे काठ पटाशीने साफ करायचे, माथ्यावर ग्राफाइट घासायचं आणि तारा टप्प्याटप्प्याने चढवायच्या. त्यानंतरही काही आठवडे स्वर उतरत राहतात, तेव्हा ट्यूनिंग एकदाच करून भागत नाही.

तारांचा ताण उतरवण्याचं काम घरी करू नका, एवढं मात्र बजावून सांगतो. ७० किलोने ताणलेली पोलादी तार सुटली तर डोळ्याला वेळ देत नाही.

आणि घोडीचा माथा इतका फाटला असेल की पिना एकमेकींकडे झुकल्यात, तर भरण्यात अर्थ नाही. वरचा थर काढून नवीन मेपलचा थर बसवावा लागतो.

घोडीला चालतं म्हणून ट्यूनिंग पिनेला, म्हणजे तारेचं टोक गुंडाळून स्वर लावायच्या खुंटीला, चालेल असं मात्र नाही, आणि हा घोटाळा बऱ्याच वेळा होतो. घोडीची पिन जागच्या जागी खिळून राहावी लागते. ट्यूनिंगची पिन फिरली पाहिजे आणि फिरवली तिथेच थांबली पाहिजे. ती ज्या ठोकळ्यात ठोकलेली असते त्या पिनब्लॉकचं लाकूड तिला फक्त घर्षणाने धरतं. तिथे एपॉक्सी गेलं की पिन कायमची बसली, आणि स्वर लावायचं साधनच गेलं. ढिल्या ट्यूनिंग पिनेला जाड मापाची पिन घालतात, किंवा जाणकार माणूस फेविक्विकच्या जातीचा पातळ गोंद मोजून थेंब थेंब सोडतो.

मिश्रण, ऊन आणि घड्याळ

एपॉक्सीचा व्यापार सुरू होऊन फार काळ झालेला नाही. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने अ‍ॅराल्डाइट या नावाने ते १९४६ मध्ये बाजारात आणलं. म्हणजे तुमच्याकडे त्याआधीचा जुना पियानो असेल तर त्यात मूळचं एपॉक्सी असणारच नाही, मूळचे सांधे सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचे. आपल्या दुकानांत अ‍ॅराल्डाइट, फेविकॉल, एम-सील, फेविक्विक शेजारी शेजारी टांगलेले दिसतात आणि २०२० पासून हे सगळं पिडिलाइट या एकाच घरचं आहे; पण एका घरचे म्हणून एकमेकांच्या जागी चालतील असं नाही. एम-सील हेही एपॉक्सीच, पण त्यात इतकी पूड मळलेली असते की ते लाकडात झिरपत नाही. चिरेच्या तोंडावर बसतं आणि काही महिन्यांत खपली निघाल्यासारखं निघून येतं.

दोन ट्यूबांतली एक रेझिनची, दुसरी हार्डनरची. दोन्हींचे रेणू एकमेकांत गुंफून एक जाळं तयार होतं, आणि त्या जाळ्यात हार्डनर स्वतः भाग घेतो. म्हणून लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर काम लवकर होत नाही. जोडीदार न मिळालेले रेणू तसेच राहतात आणि सांधा चिकट, रबरासारखा उरतो. फायबरच्या कामात वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये थेंब वाढवून वेग वाढवता येतो. तिथली सवय इथे घेऊन आलात तर माल वाया जातो. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं, तेच. दोन मिनिटं घोटायचं, भांड्याच्या कडा खरवडून आत घ्यायच्या.

पाच मिनिटांत वाळणारं एपॉक्सी घोडीला नको. झिरपायला वेळच मिळत नाही, आणि ते सावकाश वाळणाऱ्याइतकं पक्कंही होत नाही. पण सावकाश वाळणारं म्हणजे किती सावकाश, हे आपल्याकडे महिना ठरवतो. साधारण हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. सावकाश वाळणाऱ्याच्या पाकिटावर दीड तास लिहिलेले असतील तर ते २० ते २५ अंशांसाठी असतात. लातूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेच्या दुपारी ते वीस-पंचवीस मिनिटांवर येतात. वाटीत ढीग करून ठेवलं तर त्याहून लवकर, कारण एपॉक्सी घट्ट होताना स्वतः तापतं, तापलं की आणखी जोरात घट्ट होतं, आणि बघता बघता वाटीतून धूर निघतो. पसरट झाकणात पातळ थर करून ठेवलं तर उष्णता निघून जाते. उलट डिसेंबरात परभणीला पहाटे पारा एक आकडी असतो. तेव्हा रात्री लावलेलं एपॉक्सी सकाळी तसंच ओलं सापडतं. ते बिघडलेलं नसतं. खोली उबदार ठेवा, जमेल.

वेळेचं आणखी एक गणित आहे. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. सकाळी एपॉक्सी लावलं आणि ऊन चढत गेलं की ती हवा प्रसरण पावते आणि थरातून बुडबुडे वर येतात. दुपार टळल्यावर, लाकूड निवू लागतं तेव्हा लावलं तर आतली हवा आकसते आणि एपॉक्सी आत ओढून घेते. उन्हाळ्यात पाच वाजता काम सुरू करावं ते यासाठी. पावसाळ्यात वेगळीच कटकट: दमट हवेत वाळताना काही जातींच्या एपॉक्सीवर तेलकट साय येते. दुसरा थर द्यायच्या आधी ती पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या जाळीने धुवा. नुसता पॉलिशपेपर मारला तर ती साय पसरते.

सागवान असेल तर लावायच्या आधी ॲसिटोनने पुसून घ्या. त्याच्या अंगचं तेल गोंदाला धरू देत नाही.

हवेच्या चिरेला एपॉक्सी का नको

साउंडबोर्डावरची चीर मे महिन्यात सगळ्यात रुंद दिसते आणि म्हणून तेव्हाच ती भरायची घाई होते. समजा, भरली. जुलैत फळी फुगते, चीर मिटायला बघते, पण मधे कडक एपॉक्सी बसलेलं. लाकूड त्याच्यावर चेपलं जातं आणि काठाचे तंतू कायमचे दबतात. पुढच्या मेमध्ये फळी आकसते, दबलेले तंतू परत फुगत नाहीत, आणि एपॉक्सीच्या अगदी शेजारी नवी फट उघडते. उलट श्रावणात, चीर मिटलेली असताना भरायला जावं तर आत काही शिरतच नाही.

यातली दिलाशाची बाब अशी, की साउंडबोर्डाची चीर दिसते तेवढी वाईट नसते. फळी मागच्या पट्ट्यांना घट्ट चिकटून आहे आणि वाजवताना कुठे झणझण येत नाही, तोवर तिला सोडून द्या; आवाजात सहसा फरक पडत नाही. झणझण येत असेल तर फळी पट्टीपासून सुटली का ते पाहावं लागतं, आणि चिरेत स्प्रूसचीच पाचर सरसाने बसवतात. तीही लाकूडच, ती फळीबरोबर फुगते-आकसते.

पेटीचंही तेच. सप्ताह तोंडावर आला की भजनी मंडळाचे बुवा पेटी घेऊन येतात. वरची फळी उभी चिरलेली. "मिस्त्री, एम-सील भरा अन् द्या की, एवढं काय हाय त्यात?" मिस्त्री चिरेवर तळहात धरून भाता मारतात. हाताला वारा लागला नाही. "बुवा, ही हवेची चीर. वाजायला अडचण न्हाई. राहू द्या." मग पेटी उलटी करतात तर कोपरा निखळलेला, कडीच्या स्क्रूचं भोक फाटलेलं, कारण पेटी जीपच्या टपावरून पडली होती. तिथे मात्र एपॉक्सी.

पेटीत एपॉक्सीच्या जागा एवढ्याच: आपटून तुटलेला कोपरा, कड्या-बिजागऱ्यांची फाटलेली भोकं, निघालेला पाया. भात्याच्या घड्या, पट्ट्यांची बैठक, सूर (आवाज देणाऱ्या पितळी पत्त्या) बसवलेली फळी या जागांना ते लागता कामा नये. भाता वाकला पाहिजे, पट्टी निघाली पाहिजे, सूर काढून घासता आला पाहिजे. सुरांच्या फळीलाच चीर पडून हवा गळत असेल तर वरून पातळ चामड्याची पट्टी सरसाने लावतात. सरसाला जुनाट म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. पण ऊब आणि ओलावा दिला की सांधा सुटतो, हा त्याचा गुणच आहे. वाद्य पुन्हा उघडावं लागणार हे जुन्या कारागिरांना ठाऊक होतं.

एपॉक्सी असं सहजी सुटत नाही, तरी अगदीच हट्टी नाही. घरच्या तापमानात वाळलेलं साधं एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. घोडीची पिन पुढे कधी काढायची झाली तर तापलेलं सोल्डरिंगचं टोक पिनेला लावून धरतात. पिन तापते, भोवतालचं एपॉक्सी ढिलं होतं, पिन निघते. याचीच दुसरी बाजू अशी, की काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही मे महिन्यात तेवढी उष्णता होते. दुरुस्त केलेली पेटी तिथे ठेवली तर भार असलेला सांधा सरकू शकतो.

हातमोजे घाला. ओलं एपॉक्सी पुन्हा पुन्हा कातडीला लागलं तर काहींना खाज आणि पुरळ सुरू होतं, आणि एकदा अंगाला सोसेनासं झालं की आयुष्यभर सोसत नाही. अर्धवट वाळलेलं घासू नका, ती धूळ छातीत जाते.

काम झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: कोणत्या जागी एपॉक्सी, कोणतं, कुठल्या महिन्यात. पेन्सिलच वापरा, बॉलपेनची शाई पॉलिश करताना पसरते.